सहा मिलिमीटरची कड

शाईचा थेंब पसरला नाही. जिथे पडला तिथेच तो उभा राहिला, घुमटासारखा. रुंदी साधारण दोन मिलिमीटर. मी डोळा टेबलाच्या पातळीला आणून पाहिलं: खालच्या पृष्ठभागाशी त्याचा कोन ऐंशी अंशांच्या आसपास असावा. मग मिसेस पिकेटनी कागद किंचित उचलला, थेंब थरथरला, घरंगळला आणि त्यांच्या पांढऱ्या बाहीच्या कडेला जाऊन मुरला. कापडावर तो लगेच पसरला.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"लॅमिनेशन," मी म्हणाले.

"ते मला दिसतंय, हनी. पण का आहे?"

मिसेस पिकेट आमच्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचं कार्यालय सांभाळायच्या. परदेशी विद्यार्थ्याला काम करता येईल की नाही हे त्या ठरवत नसत, पण त्यांच्या सहीशिवाय ते ठरतही नसे. माझ्या आय-ट्वेंटीच्या, म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर मी विद्यार्थिनी म्हणून अमेरिकेत राहत होते त्या कागदाच्या, मागच्या बाजूला एक चौकट होती. तीन रिकाम्या ओळींची. तिथे कंपनीचं नाव, तारखा आणि मिसेस पिकेटची सही एवढं आलं की मला नोकरी करण्याची परवानगी मिळणार होती. सन दोन हजारमधला मार्च होता, मंगळवार. सोमवारी मला कामावर हजर व्हायचं होतं.

"वडिलांनी केलंय," मी म्हणाले. "त्यांचं दुकान आहे लॅमिनेशनचं."

"आणि त्यांना कुणी थांबवलं नाही?"

"आमच्याकडे महत्त्वाचे कागद असेच ठेवतात. दहावीची गुणपत्रिका, जन्माचा दाखला, जमिनीचा उतारा."

"लग्नाचा दाखला?"

"तो तर सगळ्यात आधी."

"माझा कुणी केला असता," त्या म्हणाल्या, "तर दोन्ही घटस्फोटांना जास्त वेळ लागला असता."

मग त्यांनी बॉलपेन घेतलं. शाई उमटली नाही, नुसता चरा पडला. मग काचेवर लिहायचा जाड काळा मार्कर घेतला. तो उमटला. त्यांनी कंपनीचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, सही केली, मागे टेकून समाधानाने पाहिलं आणि मी हसणार एवढ्यात स्वतःच अंगठ्याने सहीवरून एकदा डावीकडून उजवीकडे घासलं. सहीचा काळा ढग झाला.

"कंपनीतला माणूस हेच करणार," त्या म्हणाल्या. "पहिल्या तीन दिवसांत तो तुझे मूळ कागद हातात घेऊन बघेल. तसा नियमच आहे. सही पुसली गेली तर परवानगी नाही. आणि नाही पुसली गेली तरी ती सही कागदावर नाही, हनी. प्लॅस्टिकवर आहे. प्लॅस्टिकला मी काम करायची परवानगी दिली, असा त्याचा अर्थ होतो."

"नवा फॉर्म?"

"तो संचालकांच्या सहीने निघतो. संचालक सत्तावीस तारखेला येतील."

माझी तारीख तेरा होती. कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं की तेराला हजर न झाल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. पुढचा उमेदवार माझ्याच वर्गात होता आणि मी आजारी वगैरे नाही ना, अशी चौकशी त्याने दोनदा केली होती.

मिसेस पिकेटनी मार्करचा ढग रुमालाने पुसला. कागद माझ्या हातात दिला. "गुरुवारपासून मी रजेवर आहे, बहिणीकडे चाललेय. उद्या बारा वाजेपर्यंत मला या चौकटीत फक्त कागद दाखव. एवढासा. माझी सही काही मोठी नाही."

*

आमच्या घरात मी आणि कांचन देवतळे अशा दोघी राहत होतो. कांचन अमरावतीची. ती इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग करत होती आणि मी पॉलिमर रसायनशास्त्र. मी पुरतं सांगायच्या आधीच ती हसता हसता खुर्चीवरून घसरून जमिनीवर बसली.

"थांब, थांब," ती डोळे पुसत म्हणाली. "तुझा थीसिस कशावर आहे, सांग एकदा."

"तुला माहीत आहे."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय मला."

"सोलून काढता येणारे गोंद."

"आणि कंपनी काय बनवते?"

"लेबलं. बाटलीवरून डाग न ठेवता निघणारी."

"आणि तुझ्याच्यानं आता काय निघून नाही राहिलं?"

तिला उत्तर नकोच होतं.

हसून झाल्यावर मात्र ती गंभीर झाली, कारण तिला बाकीचं माहीत होतं. ते असं: मी मे महिन्यात पदवी घेऊन तासगावला परत येणार, हे घरी ठरलेलं होतं. तिथल्या कॉलेजात रसायनशास्त्राची एक जागा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चेअरमनशी बोलून माझ्यासाठी अडवून ठेवली होती. दारावर लावायची पाटीही त्यांनी तयार केली होती: 'प्रा. सुलक्षणा म. हिंगमिरे'. ती अर्थातच लॅमिनेट केलेली होती. मी मात्र सप्टेंबरातच ठरवलं होतं की नोकरी इथे करायची. लेबलांच्या कंपनीत आधी तीन महिने उमेदवारी होती, मग कायमची जागा, आणि त्या जागेबरोबर एक प्रयोगशाळा होती जिच्यात ताण मोजायची चार यंत्रं होती. कॉलेजात एक तराजू होता. तोही कपाटात.

हे सांगायला मी डिसेंबरात घरी गेले होते. एकवीस दिवस राहिले. बारा वेळा सुरुवात केली. त्यातल्या नऊ वेळा "अण्णा" एवढंच बोलून झालं आणि ते म्हणाले, "काय, चहा?" मी नऊ वेळा चहा प्याले. दहाव्या वेळी वीज गेली. अकराव्या वेळी चेअरमनच आले. बाराव्या वेळी अण्णा मला एस.टी.त बसवून देत होते आणि गाडी सुटली.

"म्हणजे त्यांना अजून माहीतच नाही," कांचन म्हणाली.

"आधी परवानगी मिळू दे. नोकरीच मिळाली नाही तर उगाच सांगून काय उपयोग?"

"हे तू सप्टेंबरपासून म्हणून राहिली."

मी प्रयोगशाळेची किल्ली घेतली.

*

नमुन्याशिवाय प्रयोग करता येत नाही. मूळ कागदावर थेट काही करून पाहण्याइतकी मी घाबरलेली नव्हते. कांचनकडे लॅमिनेट केलेल्या वस्तू बऱ्याच निघाल्या: बारावीची गुणपत्रिका, लसीकरणाचं कार्ड, गजानन महाराजांचा फोटो आणि मराठी टायपिंगचं प्रमाणपत्र, मिनिटाला तीस शब्द.

"महाराजांना हात लावायचा नाही," ती म्हणाली. "टायपिंग घे. त्याचा इथे तसाही उपयोग नाही."

मी प्रमाणपत्राच्या बारा पट्ट्या कापल्या, प्रत्येकी दोन सेंटिमीटर रुंद, आणि त्यांना क्रमांक दिले. लॅमिनेशनचं प्लॅस्टिक दुपदरी असतं. बाहेरचा पदर चिवट, आतला गोंदाचा. तो उष्णतेने वितळतो आणि कागदाच्या तंतूंत शिरून बसतो. शास्त्र सोपं आहे. काढायचं कसं, तेवढंच पुस्तकात नाही.

पहिल्या चार पट्ट्या मी टोल्युईन या द्रावकात ठेवल्या. वीस मिनिटांत गोंद फुगला आणि प्लॅस्टिक सुंदर सुटून आलं. त्याबरोबर अक्षरंही आली. खाली राहिला तो पांढरा स्वच्छ कागद.

"माझे तीस शब्द गेले," कांचन म्हणाली.

पुढच्या चार मी उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. त्या कडक झाल्या, आणि वाकवल्यावर प्लॅस्टिकसकट कागदही मोडला. शेवटच्या चार भट्टीत ठेवल्या. त्या पापडासारख्या वळल्या, फोड आले आणि एकमेकींना चिकटल्या. मी वहीत तीन ओळी लिहिल्या. तिन्ही ओळींच्या शेवटी एकच शब्द होता: अयशस्वी.

कांचन स्टुलावर बसून पाय हलवत होती. "एक विचारू? तुझे बाबा दिवसभर काय करतात?"

"माहीत आहे तुला."

"त्या तहसील कचेरीसमोर तीस वर्षं बसून आहेत ना ते? त्यांच्याकडे कधी कुणी आलं नसेल का रडत, की काका, चुकून केलं, आता काढून द्या?"

मी नळीला झाकण लावलं.

"विचार ना वं त्यांना."

"ते विचारतील, कुणाचा कागद आहे."

"सांग माझा आहे."

"आणि कशासाठी काढायचं?"

"माझं आहे म्हटल्यावर कशासाठी ते मी बघीन. मी खोटं बोलायला तयार आहे. तू फक्त फोन लाव."

*

बुधवारी सकाळी आठ वाजता आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर इस्त्री, दाढीचं ब्लेड, शिवणाची सुई आणि एक धुतलेला पंचा अशी मांडणी केली. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा होते, म्हणजे कचेरी सुटलेली आणि दुकानात गर्दी. माझे दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून कांचनने फोनचा स्पीकर लावला. घंटा वाजली, आणि अण्णांच्या आवाजाआधी जनरेटरचा आवाज आला.

"हिंगमिरे झेरॉक्स!"

"अण्णा, मी सुलू."

"सुलू? आज बुधवार आहे की! काय झालं? ताप आहे?"

"काही झालं नाही. एक विचारायचं होतं, धंद्यातलं."

"धंद्यातलं?" त्यांचा आवाज एकदम मोठा झाला. बाजूला कुणाला तरी ते म्हणाले, "मुलगी हाय, अमेरिकेतनं. धंद्यातलं विचारतीय." मग मला, "मोठ्यानं बोल, लाइट गेलीय, जनरेटर चालू आहे."

मी मोठ्याने सांगितलं. माझी मैत्रीण आहे, कांचन. तिच्या एका कागदाला लॅमिनेशन झालं आहे आणि त्यावर एक सही व्हायची राहिली आहे.

"नमस्कार काका!" कांचन ओरडली.

"नमस्कार बाळ! असं कसं केलंस गं? शिकलेल्या पोरी तुम्ही. इथं म्हाताऱ्या बाया करतात असलं."

"चुकलं काका."

"कागद केवढा आहे? जाड की पातळ? हवा राहिलीय का कुठं आत, फुगा बिगा?"

मी कागद खिडकीकडे धरून पाहिला. "नाही अण्णा. एकही नाही."

"कडा किती सोडल्यात?"

"सहा मिलिमीटर."

"चारी बाजूंनी सारख्या?"

"हो."

"मग चांगल्या माणसाचं काम आहे," अण्णा म्हणाले. "अमेरिकेत एवढं नीट करतात होय? मला वाटलं तिकडं सगळं मशीनवर सोडून देत असतील. चांगल्या माणसाचं असलं की सुटायला अवघड. वाईट केलेलं असतं तर नखानं निघालं असतं."

कांचनने तोंडावर हात दाबून धरला.

"कोपरे कसे आहेत?"

"गोल," मी म्हणाले, आणि म्हणता क्षणीच मला ते न म्हणायला हवं होतं असं वाटलं.

"गोल म्हणजे? कटरनं मारलेले की कात्रीनं?"

"कात्रीनं असावेत."

"नाण्याएवढा गोल आहे? रुपया ठेवून बघ."

आमच्याकडे रुपया नव्हता. पण बघायची गरजही नव्हती. अण्णा कोपऱ्यावर रुपयाचं नाणं ठेवून पेन्सिलने गोल काढतात आणि त्यावरून कात्री फिरवतात. तासगावात असं करणारं दुसरं कुणी नव्हतं. अमेरिकेतही नसावं.

"तेवढाच आहे," मी म्हणाले.

नुसता जनरेटर ऐकू येत राहिला. सात सेकंद, कदाचित आठ. मग ते बोलले, आणि त्यांचा आवाज गिऱ्हाइकाशी बोलताना असतो तसा झाला.

"हं. ऐका आता. पूर्ण काढायला जायचं नाही. पूर्ण काढलं की कागद मेला. जिथं सही पाहिजे तेवढीच खिडकी पाडायची. पट्टी घे. चौकटीच्या आतनं, दोराभर अंतर सोडून, ब्लेडनं चार रेघा मार. हात हलका ठेवायचा. वरचं प्लॅस्टिक कापायचं, कागदाला ब्लेड कळता कामा नये."

मी रेघा मारल्या. मी आयुष्यात बरीच नाजूक कामं केली आहेत, पण ब्लेडचा तो आवाज अजून आठवतो. बारीक, कोरडा.

"मारल्या."

"इस्त्री गरम आहे? रेशमावर ठेवतात तेवढी. जास्त नको. पंच्याची घडी घाल, वर इस्त्री ठेव आणि दहा आकडे मोज."

कांचनने इस्त्री ठेवली. अण्णा तिकडून मोजत होते, कांचन इकडून, आणि दोघांचे आकडे जुळत नव्हते. अण्णा सातवर असताना कांचन दहावर पोहोचली.

"घाई करू नको बाळ. एका कागदाला दहा म्हणजे दहा."

"हो काका."

"आता सुईनं एक कोपरा उचल. उचलला? चिमटीत धर आणि ओढ. वर नाही ओढायचं. मागं ओढायचं, झोपवून. उभं ओढलं की कागद फाटला."

"एकशे ऐंशी अंशांत," मी नकळत म्हणाले.

"अंश बिंश मला माहीत नाही. झोपवून."

मी झोपवून ओढलं. प्लॅस्टिक गुळगुळीत, संथ निघत आलं, दर सेकंदाला दोनेक मिलिमीटर. माझ्या थीसिसच्या तिसऱ्या प्रकरणात याच गतीने काढलेले अठ्ठेचाळीस आलेख आहेत. शेवटचा कोपरा सुटला तेव्हा माझ्या चिमटीत एक पारदर्शक पट्टी होती आणि खाली उघडा कागद. तीन रिकाम्या ओळी.

"निघालं!" कांचन ओरडली.

"फाटलं नाही?"

"नाही, अण्णा. थोडी लव उठलीय."

"उठणारच. खडू आहे का? खडूची पूड कापसानं हलकी चोळ आणि झटकून टाक, नाहीतर शाई फुटते. तहसीलदाराचा गोल शिक्का बसवायचा असला की मी तसंच करतो. महिन्याला दोन तरी येतात असले. सगळी जातीच्या दाखल्याची माणसं. रडतच येतात."

कांचन भिंतीवरच्या फळ्याखालचा खडू घेऊन आली. मी पूड चोळली, झटकली, बोट फिरवून पाहिलं. (मिसेस पिकेटची सही त्याच दिवशी सव्वादहाला त्या चौकटीत बसली, न फुटता. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. "वडिलांनी," मी म्हणाले. "त्यांनीच केलं आणि त्यांनीच काढलं?" "हो." मिसेस पिकेट म्हणाल्या की त्यांच्या दोन्ही वकिलांपेक्षा हा माणूस बरा. पण हे नंतर.)

"झालं, अण्णा," मी म्हणाले. "आभारी आहे. आता ठेवते, तुमची गिऱ्हाइकं—"

"गिऱ्हाइकं थांबतील. कांचन, बाळ, आहेस का तिथं?"

"आहे काका."

"लॅमिनेशन ज्यांनी केलं, ते माणूस म्हणून कसे आहेत?"

कांचनने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, पण कशासाठी ते मलाही कळलं नाही.

"फार चांगले आहेत, काका. मायाळू आहेत."

"असू देत. पण चांगल्या माणसाचा धंद्यात एक नियम असतो. यंत्रात घालायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायचं, सही-शिक्का काही राहिलाय का. एकदा घातलं की मग नाही. तसं विचारलं होतं का त्यांनी?"

कांचन परत माझ्याकडे बघायला लागली. हे तिला माहीत नव्हतं. तिलाही मी मिसेस पिकेटना सांगितलं होतं तेवढंच सांगितलं होतं, वडिलांनी केलं म्हणून.

"विचारलं होतं," मी म्हणाले.

"मी तिला विचारतोय."

"तिला आठवत नाही. मला आठवतंय."

मला सगळंच आठवत होतं. दोन जानेवारी, सकाळ, निघायच्या आदला दिवस. यंत्र तापलेलं. घडी घालून घालून मळलेला माझा कागद अण्णांनी पंच्याने पुसला, उलटा केला, या तीन ओळींवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे रिकामं दिसतंय. इथं काही यायचंय का?" मी ओळी पाहिल्या. वरचं शीर्षक इंग्रजीत होतं आणि अण्णांना इंग्रजी वाचता येतं, सावकाश. काही यायचं आहे म्हटलं असतं तर काय यायचं आहे तेही सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "काही नाही, अण्णा." त्यांनी परत विचारलं, "बघ हं. नक्की?" मी म्हणाले, "नक्की." कागद यंत्रात गेला तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तो पलीकडून चकचकीत होऊन बाहेर येईपर्यंत साधारण अठरा सेकंद लागतात, आणि त्या अठरा सेकंदांतही थांबवायला सांगता आलं असतं, कारण यंत्राला उलटं फिरवायचं बटण आहे.

कांचनने इस्त्रीची वायर काढली आणि इस्त्री उभी ठेवली.

"मग काय म्हणाली ती?" अण्णांनी विचारलं.

"काही यायचं नाही म्हणाली."

"एकदा विचारलं की दोनदा?"

"दोनदा."

"मग त्या माणसाची चूक नाही."

"नाही, अण्णा. त्याची काहीच नाही."

"आणि आता काय यायचंय तिथं?"

"कामाची परवानगी."

"किती दिवसांची?"

"आधी तीन महिन्यांची. मग बहुतेक कायम."

"म्हणजे मेमध्ये ती घरी जाणार होती, ती जात नाही."

मी टेबलावरची खडूची पूड हाताने एका जागी गोळा केली.

"तिच्या वडिलांना माहीत आहे?"

"कांचनचे वडील अमरावतीला असतात," मी म्हणाले. माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत निरुपयोगी वाक्य असेल.

"मी कांचनच्या वडिलांचं विचारत नाही."

कांचन उठून दारापर्यंत गेली, तिथे थांबली आणि परत येऊन बसली. ती नंतर म्हणायची की जायला हवं होतं हे तिला कळत होतं, पण पाय निघत नव्हते.

"त्यांना नाही माहीत," मी म्हणाले. "सांगायचं राहिलंय."

"कधीपासून?"

"सप्टेंबरपासून."

"सप्टेंबर," अण्णा म्हणाले. ते मनात मोजत असावेत. "म्हणजे डिसेंबरात ती घरी आली होती तेव्हा..."

"त्याच्यासाठीच आली होती."

तिकडे कुणीतरी म्हणालं, "हिंगमिरे, माझा उतारा तेवढा करा की हो, शेवटची गाडी आहे." अण्णांनी रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला, चपला वाजल्या, आणि मग जनरेटर बंद झाला. इतका वेळ तो आवाज चालू होता की बंद झाल्यावर आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू यायला लागलं. जनरेटर बंद म्हणजे यंत्र बंद. ते परत तापायला वीस मिनिटं लागतात आणि संध्याकाळच्या गर्दीत अण्णांनी ते कधीही, माझ्या आठवणीत एकदाही, बंद केलेलं नव्हतं.

"अहो, अंधार काय केला?" कुणीतरी म्हणालं.

"थांबा की जरा, पाटील. गाडी चुकली तर माझ्या स्कूटरवर सोडतो." चपला परत जवळ आल्या. फोन उचलला गेला. "हां. आता इथं चांगलं ऐकू येतंय. त्या मुलीला म्हणावं, बापाला सांगायचं ते सांगून टाक."

"काका, मी चहा..." कांचन उठत म्हणाली.

"तू थांब बाळ," अण्णा म्हणाले.

मी पुढे वाकले. ओरडायची आता गरज नव्हती.

"अण्णा," मी म्हणाले, "मी मेमध्ये परत येणार नाही. मी इथेच नोकरी करणार आहे."